मॅग्नेटची जागा मिळाली, पण लेक नको म्हणतेय

पत्राचा सारांश: मेरीलँडच्या माँटगोमेरी काउंटीत, बेथेस्डाच्या बाजूला राहणाऱ्या एका आईचं हे पत्र आहे. मुलगी पाचवीत. गणित बरं आहे, कॉम्पॅक्टेड मॅथच्या (पुढच्या इयत्तेचं गणितही उरकणाऱ्या) वर्गात आहे, मॅप या शाळेतल्या प्रमाणित चाचणीत गुण चांगले येतात. वाचनाचं वेड आहे, वह्याच्या वह्या भरून गोष्टी लिहिते, शाळेच्या ऑर्केस्ट्रात व्हायोला वाजवते. तिला टाकोमा पार्क मिडल स्कूलच्या गणित, विज्ञान आणि कॉम्प्युटर सायन्सच्या मॅग्नेटमध्ये, म्हणजे दुसऱ्या भागांतल्या निवडक मुलांनाही घेणाऱ्या खास विषयांच्या कार्यक्रमात, जागा मिळाली आहे. ईस्टर्न मिडल स्कूलच्या मानव्यविद्येच्या मॅग्नेटसाठी ती प्रतीक्षा यादीत आहे. मुलगी म्हणते, "मला नाही जायचं, मी माझ्या मैत्रिणींबरोबर इथल्याच शाळेत जाणार." वडील म्हणतात, लोक या जागेसाठी जीव टाकतात आणि आपण अकरा वर्षांच्या पोरीचं ऐकून ती सोडायची का? नाशिकला आजोबांनी नातेवाइकांत बातमी सांगूनही टाकली आहे. मराठी शाळेत भेटणाऱ्या एका पालकांनी सांगितलं की आत्ता नाही म्हटलं तर पुढे ब्लेअर हायस्कूलच्या मॅग्नेटचा रस्ता बंद झाला असं समजा. उत्तर कळवायची मुदत जवळ येतेय. आई विचारते, "निर्णय कोणी घ्यायचा? तुमचं मत काय? आणि ही संधी सोडली तर मोठेपणी ती मला बोल लावेल का?"

नमस्कार ताई,

तुमच्या पत्रात एकाच परिच्छेदात दोन वाक्यं आली आहेत: "तिने ही जागा हुशारीवर मिळवली" आणि "नशिबाने चालून आलेली संधी". दोन्ही थोडी खरी आहेत आणि घरातली बरीच ओढाताण त्या दोन्हींच्या मधे चालली आहे. म्हणून ही जागा मिळते कशी, तिथूनच सुरुवात करू.

करोनाच्या आधी तुमच्या काउंटीत या मॅग्नेटसाठी मुलांना वेगळी परीक्षा द्यावी लागायची. ती बंद झाली आणि लॉटरी आली. आता पाचवीतल्या सगळ्याच मुलांचे गुण आणि मॅपचे निकाल तपासले जातात, ठरलेल्या पातळीच्या वर असलेल्या मुलांची नावं एकत्र केली जातात आणि त्यातून चिठ्ठ्या निघतात. मॅपची तुलनाही साधारण सारख्या परिस्थितीतल्या शाळांमधल्या मुलांशी होते. या बदलांवर आशियाई पालकांच्या एका संघटनेने २०२० मध्ये फेडरल न्यायालयात दावा लावला होता, तो २०२२ मध्ये फेटाळला गेला. त्या काळात आपल्या लोकांच्या प्रत्येक जेवणावळीत हा विषय असायचा. जागा कमी आणि चिठ्ठीचा खेळ, त्यामुळे मिळालेल्या जागेचं मोल फार वाढलं. तुमच्या यजमानांना ती सोडवत नाही, हे मला पूर्ण समजतं.

पण या पद्धतीचा अर्थ नीट पाहा. तुमची मुलगी अभ्यासात पुढच्या मुलांमध्ये आहे, हे तिच्या गुणांनी सांगितलं. ते तिचं स्वतःचं आहे, शाळा कुठलीही असो, तिच्याकडेच राहणार आहे. चिठ्ठी निघाली याने त्यात काही भर पडली नाही आणि जिची निघाली नाही तिचं काही कमी झालं नाही. शिवाय तीन वर्षं हेच विषय एवढ्या खोलात करायला तिला आवडेल का, हे चिठ्ठीने पाहिलेलं नाही. ते पाहायचं काम तुमच्यावर आलंय.

तुमचे यजमान आणि तुम्ही दोघंही चौथी-सातवीच्या स्कॉलरशिप परीक्षांच्या पिढीतले असाल. (मधे काही वर्षं तिकडे त्या परीक्षा पाचवीला आणि आठवीला गेल्या होत्या.) त्या वेळी अ तुकडीत असणं, स्कॉलरशिपच्या यादीत नाव लागणं यांनी खरोखर फरक पडायचा. चांगले शिक्षक, चांगली पुस्तकं, पुढचं कॉलेज, सगळं त्या यादीमागून यायचं. तालुक्याच्या गावातल्या मुलाला तर दुसरा रस्ताच नसायचा. ज्या माणसाचं आयुष्य अशा एका यादीने बदललं, त्याला "मिळालेली जागा परत करा" हे ऐकवणारच नाही. त्यांच्या आग्रहाला हट्ट म्हणू नका. पण तुम्ही आज राहता तिथे जागा नाकारल्यावर मूल कुठे जाऊन पडतं, हे त्यांच्याबरोबर बसून पाहायला हवं.

तुमच्या काउंटीने मॅग्नेटला पात्र असूनही जागा न मिळालेल्या मुलांसाठी घराजवळच्या मिडल स्कूलमध्येच वरच्या पातळीचे दोन अभ्यासक्रम सुरू केले. गणिताच्या अभ्यासक्रमाला एआयएम (AIM) म्हणतात, जगाच्या इतिहासाच्या आणि मानव्यविद्येच्या अभ्यासक्रमाला हाय (HIGH). कॉम्पॅक्टेड मॅथ केलेलं मूल सहावीत एआयएम करून सातवीत अल्जेब्राला पोचू शकतं. म्हणजे नकार दिला तरी तुमची मुलगी सोप्या गणितात अडकून बसणार नाही. मात्र हे अभ्यासक्रम सगळ्या शाळांत सारख्याच ताकदीने चालतात असं समजू नका. तुमच्या शाळेच्या काउन्सेलरना फोन करून विचारा: पुढच्या वर्षी सहावीत एआयएम आहे ना, हाय आहे ना, त्यात किती मुलं असतात, कोण शिकवतं. उत्तर लगेच आणि तपशिलात मिळालं तर ती शाळा या मुलांकडे लक्ष देते. "बघू, अजून ठरलं नाही" असं मिळालं, तर मॅग्नेटच्या बाजूने तो एक खरा मुद्दा आहे, आणि मी तो हलका धरणार नाही.

ब्लेअरबद्दल. माँटगोमेरी ब्लेअर हायस्कूलचं विज्ञान मॅग्नेट १९८५ पासून आहे, त्याचं नाव मोठं आहे आणि ते त्याने कमावलेलं आहे. पण तिथे जायला मिडल स्कूलचं मॅग्नेट केलेलं असणं ही अट नाही. साध्या मिडल स्कूलमधून तिथे जाणारी मुलं दरवर्षी असतात. टाकोमा पार्कमधून गेलेल्या मुलांची तयारी अर्थातच चांगली झालेली असते, पण तिकडून न आलेल्यांना दार बंद नसतं. शिवाय हायस्कूलच्या कार्यक्रमांची मांडणी काउंटी सध्या नव्याने करते आहे. तुमची मुलगी नववीत जाईल तेव्हा आजचेच नियम असतील, असं गृहीत धरून अकरा वर्षांच्या मुलीची तीन वर्षं बांधू नका. मराठी शाळेत भेटलेल्या त्या पालकांनी आपुलकीनेच सांगितलं असेल, पण अशी गोष्ट ऐकली की काउंटीच्या कार्यालयालाच विचारावी.

"संधी गेली" या भीतीबद्दल अजून एक सांगते. बॉस्टन आणि न्यूयॉर्कमधल्या प्रवेश परीक्षा घेणाऱ्या नामांकित सरकारी शाळांचा अभ्यास अर्थतज्ज्ञ अतिला अब्दुलकादिरोग्लू, जोशुआ अँग्रिस्ट आणि पराग पाठक यांनी केला, तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रवेशाच्या रेषेच्या जरा वर असल्यामुळे आत गेलेली आणि जरा खाली असल्यामुळे बाहेर राहिलेली, अशी मुलं त्यांनी ताडून पाहिली. पुढच्या परीक्षांच्या गुणांत दोघांमध्ये फारसा फरक निघाला नाही. ही रेषेजवळच्या मुलांची गोष्ट आहे आणि प्रवेश परीक्षेवर चालणाऱ्या वेगळ्या धर्तीच्या शाळांची, त्यामुळे तुमच्या घरावर ती जशीच्या तशी बसवू नये. शिवाय शाळा फक्त गुण देत नाही. सोबती देते, आवड लावते, ते या मोजमापात येत नाही. तरीही "ही शाळा सोडली की मूल मागे पडलं" हा जो ठाम विश्वास आपल्यात आहे, त्याला या अभ्यासाने आधार मिळत नाही, एवढं नक्की.

आता मॅग्नेट काय देतं ते मोकळ्या मनाने पाहू या, कारण त्यावर अन्याय करून नकार द्यावा असं मला वाटत नाही. अमेरिकेत या शाळा सुरू झाल्या त्या वंशभेदाने विभागलेल्या शाळांमध्ये मुलांनी आपणहून एकत्र यावं म्हणून. अशी पहिली शाळा १९६८ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या टॅकोमा शहरात निघाली. सक्तीने बसमध्ये बसवून दुसऱ्या वस्तीत पाठवण्याऐवजी त्या वस्तीतल्या शाळेत असं काही खास सुरू करायचं की दूरची कुटुंबं स्वतःहून येतील, अशी ती कल्पना. आजही टाकोमा पार्कमध्ये आजूबाजूच्या वस्तीतली मुलं आणि काउंटीच्या इतर भागांतून आलेली मॅग्नेटची मुलं एकाच इमारतीत असतात. मॅग्नेटचे विषय वेगळ्या वर्गात चालतात, व्यायाम, कला, संगीत अशा तासांना सगळी मिसळतात. बेथेस्डातल्या मुलीला हा अनुभव फार मोलाचा ठरू शकतो. आणि ज्या मुलाला गणितात मनापासून गोडी आहे, त्याला तसेच पन्नास सोबती पहिल्यांदा भेटतात. एलिमेंटरीत एकटं पडलेलं, कोडं सुटेपर्यंत जेवायला न उठणारं मूल तिथे जाऊन मोकळं होतं. अशा मुलांच्या आईवडिलांना मी डोळे मिटून सांगते, पाठवा, बस लांबची असली तरी पाठवा.

तुमची मुलगी तशी आहे का? तुमच्या पत्रात तिच्या गोष्टींच्या वह्या आहेत, व्हायोला आहे, वाचन आहे. गणिताबद्दल तुम्ही फक्त गुण लिहिलेत. रविवारी दुपारी, कोणी काही सांगितलेलं नसताना, ती काय करते ते आठवा. तिने कधी आपणहून स्क्रॅचमध्ये (मुलांच्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत) काही बनवलंय का? एखादं गणित चुकलं तर उत्तर बघून पान उलटते, की चिडून परत करायला बसते? आवडीच्या विषयात मूल अडलं तर झटतं, नावडत्या विषयात फक्त गुण सांभाळतं. तीन वर्षं रोज मोठे प्रकल्प, प्रोग्रॅमिंग, गटात बसून करायची कामं आणि घरी आणायचा अभ्यास, हे गुण सांभाळण्याच्या जोरावर निभत नाही. निभलं तरी मुलगी दमते आणि ज्या विषयात ती आज सहज चांगली आहे, तोच तिला नकोसा होतो.

यावरून ईस्टर्नकडे येते, कारण तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख एका ओळीत उरकलाय. लेखन, इतिहास, माध्यमं यांवर उभा असलेला तो कार्यक्रम तुमच्या मुलीच्या वह्यांच्या जास्त जवळचा आहे. ती जागा आली तर प्रश्न निराळा होईल आणि तिचं उत्तरही बहुधा निराळं येईल. प्रतीक्षा यादीत नाव ठेवून टाकोमा पार्कला नाही म्हणता येतं का, हे कार्यालयाला विचारा. आणि मुलीला विचारा, "तिकडे बोलावलं तर?" ती लगेच "तिथे जाईन" म्हणाली, तर अडचण मैत्रिणींची नव्हती, विषयांची होती. तिथेही नाही म्हणाली, तर मग तिला हेच घर, हीच वस्ती, याच मैत्रिणी हव्या आहेत.

तिच्या "नाही"मध्ये काय आहे ते शोधणं हे या सगळ्यातलं सर्वांत महत्त्वाचं काम आहे. अकरा वर्षांची मुलं एका शब्दात बऱ्याच गोष्टी गुंडाळतात. मैत्रिणी तुटतील ही भीती असू शकते, आणि ती लहानसहान समजू नका. मिडल स्कूलची सुरुवात मुलींना तशीही जड जाते. दुसरी शक्यता अशी की इथे ती वर्गात पहिल्या दोन-तिघींत आहे, तिथे सगळेच तसे असतील, आपण साध्या ठरू, असं तिला आतून वाटतंय. ही भीती खोटी नाही. हुशार मुलांच्या घोळक्यात गेलं की तितक्याच कुवतीच्या मुलाचा स्वतःवरचा विश्वास थोडा उतरतो, हे मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट मार्श यांनी १९८०च्या दशकापासून दाखवलेलं आहे. पण नकारामागे फक्त हीच भीती असेल, तर लगेच मान डोलावू नये. मनात आवड आहे आणि भीतीने पाय मागे घेतलाय, अशा मुलाला हात धरून पुढे न्यावं. तिसरी शक्यता म्हणजे तिला खरंच यात रस नाही. ते असेल, तर तिचं ऐकायला हवं.

हे ओळखायला जेवणाच्या टेबलावर, बाबा समोर बसलेले असताना "का नाही?" विचारू नका. त्याला उत्तर येतं ते भांडणाच्या तयारीचं. गाडीत, ऑर्केस्ट्राहून आणताना, दोघीच असताना बोला. "तिथे गेलीस तर मंगळवार कसा असेल गं?" असं विचारा आणि मग तुम्ही गप्प बसा. ती बसपासून सुरू करते का, डब्याच्या वेळेपासून, की गणिताच्या तासापासून, त्यावरून बरंच कळेल. ओपन हाउस, म्हणजे पालक-मुलांना शाळा दाखवायचा दिवस, असेल तर तिला घेऊन जा, आणि तिथे शिक्षकांपेक्षा भिंतींवर लावलेली मुलांची कामं बघायला वेळ द्या. कुठल्या कामासमोर ती थांबते ते तुमच्या लक्षात येईल. शक्य झालं तर मॅग्नेटमध्ये सातवीत असलेल्या एखाद्या मुलीशी तिची भेट घालून द्या, आणि त्या भेटीत पालकांनी दुसऱ्या खोलीत बसावं. आयांनी आयांना विचारलं की मिळालेल्या बक्षिसांच्याच याद्या ऐकायला मिळतात.

दिवसाचा हिशोबही कागदावर मांडा. मॅग्नेटच्या बस बहुतेक वेळा घराशी येत नाहीत, ठरावीक मोठ्या थांब्यांवर येतात. तुमचा थांबा कुठला, तिथपर्यंत सकाळी कोण सोडणार, संध्याकाळी कोण आणणार, तुम्हा दोघांच्या नोकरीच्या वेळांत ते बसतं का? ईस्ट-वेस्ट हायवेवर सकाळी किती वेळ जातो हे तुम्हाला मी सांगायला नको. शाळेनंतर एखाद्या क्लबला थांबली तर उशिराची बस कोणत्या दिवशी आहे? ऑर्केस्ट्रा आणि परदेशी भाषा दोन्ही तिच्या वेळापत्रकात बसतात का? व्हायोला सोडावा लागणार असेल तर ते आत्ताच तिला सांगायला हवं. आणि झोप. या वयात निदान नऊ तासांची झोप लागते. सकाळी उठायच्या वेळेपासून उलटं मोजत या, अभ्यास, जेवण, थोडं लोळणं, हे सगळं बसवून दिवा किती वाजता मालवतो ते पाहा.

निर्णय कोणाचा, हेही तुम्ही विचारलंय. माझ्या मते तो आईवडिलांचा. अकरा वर्षांच्या मुलीच्या खांद्यावर "तूच ठरव" असं ओझं टाकलं, तर पुढे काही बिनसलं की ती स्वतःला दोष देईल. तिने मत द्यावं, ते तुम्ही मनापासून ऐकावं, आणि ठरवल्यावर "आम्ही ठरवलं" असं म्हणावं. मोठेपणी बोल लावेल का, या तुमच्या भीतीलाही त्यातून थोडं उत्तर मिळतं. आईने आपल्याला नीट विचारलं होतं, शाळा दाखवली होती, हे तिला आठवत असेल, तर निर्णय चुकीचा वाटला तरी ती तुमच्याशी बोलू शकेल.

तुम्ही माझं मत मागितलंय, म्हणून सांगते. पत्रावरून माझा कल घराजवळच्या शाळेकडे आहे, एआयएम आणि हाय तिथे धडपणे चालत असतील तर, आणि ईस्टर्नचं नाव यादीत ठेवून. तिच्या नकारामागे फक्त "मी मागे पडेन" ही भीती निघाली आणि टाकोमा पार्कच्या भिंतीसमोर ती रमलेली दिसली, तर मी माझं मत बदलेन.

पाठवायचं ठरलं, तर पहिली तिमाही खडतर जाईल हे तिला आधी सांगा. आजवर न मिळालेली बी ग्रेड तिथे पहिल्यांदा मिळेल तेव्हा घरात कोणी ऑनलाइन मार्क उघडून बसू नये. तिच्याशी ठरवा की वर्षअखेरीस आपण परत बोलू, आणि घराजवळच्या शाळेत परतायचे नियम काय आहेत ते आत्ताच विचारून ठेवा. परत येणं म्हणजे हरणं नव्हे, हे तुमच्या यजमानांनी तिला स्वतः सांगितलं तर त्याचं वजन फार मोठं असेल. नाही पाठवायचं ठरलं, तर तिच्या लेखनासाठी काहीतरी ठोस करा. शाळेच्या वार्तापत्रात, ग्रंथालयाच्या लेखनगटात, किंवा मराठी शाळेच्या वार्षिक अंकात तिला जागा मिळवून द्या. हवं तर इंग्रजीत लिहून मराठीत सांगू दे.

नाशिकला फोन तुम्ही करू नका, मुलीच्या बाबांना करू द्या. आजोबांना खरी गोष्ट सांगावी: नात हुशार मुलांत निवडली गेली, ते कोणी काढून घेत नाही, आणि तिला कुठली शाळा मानवेल ते आम्ही बघतोय. बहुतेक आजोबांना नात खूश आहे ना, एवढंच हवं असतं, आणि नातेवाइकांना चार दिवसांनी दुसरा विषय मिळतो.

हे उत्तर वाचणाऱ्या इतरांसाठी एक सूचना. नियम काउंटीगणिक वेगळे असतात. पोटोमॅकच्या पलीकडे व्हर्जिनियात फेअरफॅक्समध्ये प्रगत अभ्यासाची केंद्रं तिसरीपासून आठवीपर्यंत चालतात, तिथली निवडही निराळी असते. माँटगोमेरीच्या वरच्या भागातल्या मुलांना टाकोमा पार्कऐवजी जर्मनटाउनकडच्या शाळा मिळतात. म्हणून शेजारच्या काउंटीतल्या मैत्रिणीचा अनुभव आपल्याला लागू पडेलच असं नाही. आणि ज्यांच्या मुलांची चिठ्ठी निघाली नाही, त्यांनी घराजवळच्या शाळेत एआयएम आणि हायबद्दलचे वरचे प्रश्न आत्ताच विचारून घ्यावेत. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर वेळापत्रक ठरून गेलेलं असतं.

ताई, या आठवड्यात शाळेच्या काउन्सेलरना आणि काउंटीच्या कार्यालयाला, असे दोन फोन करा, आणि मुलीला घेऊन टाकोमा पार्कला एक चक्कर मारा. नकार द्यायचा ठरला, तर मुदत उलटायची वाट न पाहता तो लगेच कळवा, कारण त्याच यादीत खाली कुठलं तरी एक मूल त्या जागेकडे डोळे लावून बसलेलं आहे.